राहिलेला पेपर आणि परत आलेल्या 43 बाटल्या

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी माझा कॉस्टिंगचा पेपर राहिला आणि त्याच आठवड्यात म्हापशातील एका दुकानदाराने माझ्या भिरंडाच्या (कोकमाच्या) आगळाच्या, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या रसाच्या, 60 पैकी 43 बाटल्या परत पाठवल्या. आगळ फसफसून बुचे उडाली होती. दुकानदाराची तक्रार रास्त होती. शहरातल्या गिऱ्हाइकांना खारट आवडत नाही, या स्वतःच्याच समजुतीने मी मीठ कमी घातले होते. "बाय, मीठ राखून घालू नकोस, पावसाळ्यात आगळ टिकायचं नाही," असे काकीने बजावले होते. पण तिचे आगळ घरच्या बरणीतले आणि माझे दुकानात विकायचे, एवढा शहाणपणा माझ्याकडे होता.

फेरपरीक्षेला अवकाश होता आणि पेडण्याच्या घरी पावसात करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून पुस्तकातली उदाहरणे सोडून मी याच बाटल्यांचा परिव्यय, म्हणजे एका बाटलीमागचा सगळा खर्च, मांडायला घेतला. बाटली 80 रुपयांना विकली जात होती आणि त्यातले 16 रुपये दुकानदाराचे, म्हणजे माझ्या हातात 64. झाडे घरची म्हणून फळांची किंमत मी शून्य धरली होती. तीच फळे व्यापाऱ्याला दिली असती तर आलेली रक्कम, काकीची मजुरी, रिकामी बाटली, बुच, लेबल आणि बसचे भाडे धरल्यावर खर्च 71 रुपयांवर गेला. म्हणजे ज्या 17 बाटल्या खपल्या, त्यांच्यावरही मी प्रत्येकी 7 रुपये घालवले होते. परत आलेल्या बाटल्यांपेक्षा हाच आकडा मला जास्त लागला.

दुकानदाराने पुढच्या खेपेसाठी लेबलावर अन्न परवान्याचा क्रमांक मागितला होता. तेव्हाच्या नियमानुसार वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असणाऱ्याला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. ओळखपत्र, छायाचित्र आणि जागेचा पुरावा जोडून मी अर्ज भरला. मिळालेला 14 अंकी क्रमांक लेबलावर छापण्याआधी मी तो तीनदा ताडून पाहिला.

खरी वाट दाखवली ती अभ्यासक्रमातल्या उपउत्पादनाच्या, म्हणजे मुख्य मालासोबत निघणाऱ्या दुय्यम मालाच्या, प्रकरणाने. साली आणि रस काढल्यावर उरलेल्या बिया आम्ही फेकत होतो. आजीच्या काळी याच बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारे भिरंडेल, म्हणजे बियांचे गोठणारे तेल, काढत आणि त्याचे गोळे भेगाळलेल्या टाचांसाठी ठेवत. पुढच्या एप्रिल-मेच्या हंगामात मी बिया राखल्या. उकळण्याचे काम कंटाळवाणे आणि लाकूड खाणारे आहे, शिवाय पहिला गोळा धुरकट निघाला. तरी फोंड्याकडच्या एका साबण बनवणाऱ्याने उरलेले सगळे गोळे घेतले. त्या पैशांतून नव्या बाटल्या आल्या, आगळात मीठ काकीच्या मापाने पडले आणि किंमत 110 रुपये ठरली. दुकानदाराने कुरकुर करत फक्त 20 बाटल्या ठेवून घेतल्या, पण त्यांतली एकही परत आली नाही.

पेपरही सुटला, गुण मात्र बेतासबात. काकी अजून मजुरी घेत नाही. हिशेबाच्या वहीत मी ती दर हंगामाला देणे म्हणून लिहिते.