बीपी आणि लघवीची तपासणी

आज दिवसभर एकच प्रश्न: "बीपी वाढलंय, मग लघवी कशाला तपासायची?" अहो, बीपीचा नळ किडनीतच तर आहे, आणि किडनीची तब्येत लघवीतून कळते! दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात. दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत. किडनीत येणाऱ्या रक्ताचा दाब घटला की तिथल्या पेशी रेनिन नावाचं रसायन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन बनतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सुटून मीठ धरून ठेवतं आणि मिठामागे पाणी आलंच, म्हणजे बीपी वर. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी ही साखळी अँजिओटेन्सिनपाशी अडवते. म्हणून ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम बघायचं. आणि गुडघ्यासाठी मनानेच रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी? त्याने किडनी मीठ अडवते, बीपीच्या गोळीचा जोर उतरतो. वर ताटात पापड-लोणचं असतंच.