व्हिलनची पूर्वकथा आणि बडग्याची पाटी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत जे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, त्यांच्या अंगावर एक पाटी असते. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा जो काही वैताग असेल तो. बडग्याला बालपण नसतं, आणि नसलेलंच बरं, कारण शेवटी त्याला जाळायचं असतं. त्याच मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीमागे, म्हणजे बाईच्या पुतळ्यामागे, नागपूरकर भोसल्यांच्या बांकाबाईची गोष्ट सांगतात, तीही एका ओळीची: इंग्रजांना सामील झाली. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडायला तेवढं पुरतं.

कॉमिकमधला व्हिलन जळत नाही, परत परत येतो. मग कधी ना कधी त्याला पूर्वकथा द्यावीच लागते, आणि तिथे बहुतेक जण घसरतात. बाप दारुडा, आई वारली, गावाने हिणवलं, म्हणून पोरगा वाया गेला. कसोटी सोपी आहे: ही पानं फाडून टाका आणि बघा, त्याचं हत्यार, त्याची सवय, गुन्ह्याची पद्धत जशीच्या तशी राहते का? राहत असेल तर पूर्वकथा वरून चिकटवलेली आहे.

बॅटमॅनचा शत्रू टू-फेस, त्याचं नाणं बघा. 1942 साली तो पहिल्यांदा आला तेव्हा दोन्हीकडे छापा असलेलं ते नाणं मोरोनी नावाच्या गुंडाचं होतं, कोर्टातला पुरावा. मोरोनीने भर कोर्टात ॲसिड फेकलं, सरकारी वकील हार्वीचा, म्हणजे पुढच्या टू-फेसचा, अर्धा चेहरा गेला, मग त्याने नाण्याची एक बाजू खरवडली. 1990 च्या बॅटमॅन वार्षिक अंकात लेखक अँड्र्यू हेल्फरने तसलंच नाणं उचलून थेट बालपणात नेलं. बाप रात्री नाणं उडवतो. छापा पडला तर मार, काटा पडला तर सुटका. आणि नाण्याला काटा नाहीच. आता मोठेपणीचा टू-फेस नाणं उडवतो तेव्हा तो बापाचाच खेळ खेळतोय, फक्त यावेळी दुसरी बाजू खरंच वेगळी आहे. नवीन वस्तू एकही आणली नाही, 48 वर्षं खिशात पडलेली वस्तू वापरली. पूर्वकथा लिहायला बसलात तर आधी व्हिलनच्या अंगावर काय काय आहे त्याची यादी करा. दुःख त्यातूनच काढा.

बॅटमॅनच्याच दुसऱ्या शत्रूचं, मिस्टर फ्रीझचंही तेच. 1959 मध्ये तो ‘मिस्टर झिरो’ होता, थंड पोशाख घालून हिरे चोरणारा. 1992 च्या बॅटमॅन ॲनिमेशन मालिकेत लेखक पॉल डिनीने पोशाख तसाच ठेवला, फक्त गोठवून ठेवलेली आजारी बायको नोरा दिली. हे इतकं बसलं की पुढे कॉमिकनेही ते उचललं. मग 2012 मध्ये नवी पूर्वकथा आली: नोरा त्याची बायको नव्हतीच, सगळा त्याच्या डोक्यातला भ्रम. माझ्या मते ही घोडचूक. त्याचं थंडीवरचं वेड नोरावर टेकलेलं होतं, टेकूच काढला.

पूर्वकथा कुठे ठेवायची? गुन्ह्याच्या आधी ठेवली तर वकिली वाटते. ‘एक्स-मेन’ कॉमिकचा चुंबकीय शक्तीचा व्हिलन मॅग्नेटो 1963 मध्ये आला, त्याच्या ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतल्या आठवणी लेखक क्लेअरमाँटने 1981 मध्ये, ‘एक्स-मेन’च्या 150 व्या अंकात आणल्या. त्याच अंकात तो आधी एक पाणबुडी माणसांसकट बुडवतो. मग एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो, ती मेली असं त्याला वाटतं, आणि ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची पोर आहे हे तेव्हा लक्षात येतं. किटी स्वतः ज्यू. आठवण तिथे फुटते, त्याच्याच हातून काहीतरी घडल्यावर.

खऱ्या तारखेची पूर्वकथा घेतली की वयाचा घोळ येतो. मॅग्नेटो वाचला, कारण 1974 मध्ये त्याला तान्हं बाळ केलं होतं आणि 1977 मध्ये पुन्हा ऐन उमेदीतला पुरुष. नागपूरचा व्हिलन लिहायचा तर आधी हा हिशोब करा. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली, 114 जण गेले. त्या गर्दीत आईचा हात सुटलेलं आठ वर्षांचं पोर 2026 मध्ये चाळिशीचं. तिथवर जमतं, पुढच्या दहा वर्षांत जमणार नाही. शिवाय ती घरं अजून आहेत. त्यांच्या दुःखातून गुन्हेगार काढायचा असेल तर चूक कुणाची होती ते पानावर स्पष्ट दिसलं पाहिजे, नाहीतर विषयाला हात लावू नका. 2008 मधल्या मॅग्नेटोच्या पाच अंकी ‘टेस्टामेंट’मध्ये लेखक ग्रेग पाकने शक्तींचा देखावा जवळजवळ ठेवलाच नाही, ते उगीच नाही.

आता पानांचा हिशोब. 22 पानांच्या अंकात पूर्वकथेला चार पानं फार झाली, आणि ती साधारण बाराव्या पानानंतर. वर्तमानातून भूतकाळात जाताना ‘मग त्याला आठवलं’ असला मजकूर लिहू नका. शेवटच्या चौकटीतली हाताची मुद्रा पुढच्या चौकटीत तशीच ठेवा, फक्त हात लहान मुलाचा. जोकरच्या ‘द किलिंग जोक’ या कॉमिकमध्ये चित्रकार बोलंडने हे वारंवार केलंय. त्याने 2008 मध्ये स्वतः रंग बदलले तेव्हा भूतकाळ जवळजवळ काळापांढरा केला आणि चौकटीत एखादीच वस्तू लाल ठेवली. घरी करायला सोपं आहे: सगळं करड्या छटेत, रंग फक्त त्या एका वस्तूला.

देवनागरीत संवादाच्या फुग्यांचा वेगळा त्रास. वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं आणि फुगा फुगतच जातो. एका फुग्यात वीसच्या वर शब्द गेले की चित्र झाकलं म्हणून समजा. पूर्वकथेत तर आणखी कमी, कारण लहान मूल भाषण देत नाही.

आणि घरातलं नाव, ‘बंड्या’ वगैरे, आईच्या फुग्यात एकदाच येऊ द्या. पुढे ऐन मारामारीत हीरोने ‘बंड्या, थांब’ म्हटलं आणि व्हिलन विरघळला, की वाचणारा अंक मिटतो.