एसएसडी मेली म्हणे!

एसएसडी, म्हणजे फायली साठवायची चिपची डिस्क, मेली असं मानणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. विकणारा दुसरी काढून दाखवतो, भाचा मोबाइलवर किमती बघायला लागतो आणि आपण ‘गेली बिचारी’ म्हणून मोकळे. बाकी कुणाची चौकशी होत नाही.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी एक रास्पबेरी पाय ४ आहे. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. वडिलांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी फायली करून त्यात ठेवायच्या, हे त्याचं काम. यूएसबीला एसएसडी लावलेली. दोन-चार फायली बिनबोभाट जायच्या, मग मोठी फाईल निघाली की अर्ध्यात ठप्प. पायच्या नोंदी उघडाव्यात तर यूएसबी रीसेट झाल्याच्या, म्हणजे जोडणी तुटून पुन्हा सुरू झाल्याच्या, ओळींवर ओळी, आणि शेवटी फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलसिस्टीमनं जाहीर केलेलं असायचं की आता फक्त वाचा, लिहायचं नाही. लिहिलेलं आणखी बिघडू नये म्हणून लिनक्स, म्हणजे पाय चालवणारी प्रणाली, असं दार लावून घेतं. शहाणपणाचंच आहे, पण आपल्याला राग एसएसडीचाच येतो.

शेजारचे काका उद्यमबागेत आयुष्यभर मोटारींची देखभाल करून निवृत्त झालेले. एसएसडी म्हणजे काय हे त्यांनी विचारलंही नाही. म्हणाले, “डिस्कला कशाला शिव्या घालायलास? आधी होल्टेज बघ की.”

मला वाटलं, पावसाळ्यात आमच्याकडं दिवे मिणमिणतात त्याबद्दल बोलतायत. पण ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट काहीही पचवतो, त्याला मिणमिणण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. काकांचा रोख पुढच्या वायरीवर होता. लांब, बारीक केबलवर मोटार जोडली की सुरू होताना होल्टेज बसतंय, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं. इथं हिशेब तोच, आकडे लहान. ॲडॉप्टरमधून ५.१ व्होल्ट निघाले, मोबाइलच्या चार्जिंगच्या बारीक वायरीचा रोध जाता-येता मिळून पाव ओहम धरा, दोन अँपिअर वाहिले, की अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. पायपाशी पोचले ४.६. आणि ४.६३ च्या आसपास खाली आलं की पाय स्वतःच तक्रार नोंदवतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण दिसते, नाहीतर ‘गेट थ्रॉटल्ड’ची आज्ञा देऊन विचारावं लागतं. तिची गंमत अशी की आत्ता व्होल्टेज ठीक असलं तरी सुरू झाल्यापासून कधी पडलं होतं का, तेही ती सांगते. सासूबाईंसारखी स्मरणशक्ती.

त्यात पाय ४ च्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. एसएसडी नुसती बसलेली असताना थोडक्यात भागवते, लिहायला लागली की हात सैल सोडते. म्हणून तर छोट्या फायली सुखरूप आणि मोठ्या अर्ध्यात! स्वतःची वीज असलेला यूएसबी हब मध्ये घातला आणि पायला चांगल्या जाड वायरीचा ॲडॉप्टर दिला, तेव्हा बहुतेक रीसेट थांबले.

बहुतेक, सगळे नव्हे. उरलेल्यांचा धनी निघाला एसएसडीच्या डबीतला पूल-चिप. एसएसडीची साटा भाषा, पायची यूएसबी; हा मधे बसून इकडचं तिकडं सांगतो, आपल्या गणपत गल्लीतल्या दुकानदारासारखा, एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड. फरक इतकाच की दुकानदार गोंधळत नाही. काही चिप ‘यूएएस’ या वेगवान पद्धतीत एकाच वेळी अनेक हुकूम आले की गडबडतात. त्या चिपचा क्रमांक शोधून, पाय सुरू होताना वाचतो त्या बूटच्या ओळीत ‘क्वर्क्स’ (म्हणजे खोडी) म्हणून टाकला की लिनक्स त्याच्याशी जुन्या, एकेक हुकूम देण्याच्या पद्धतीनं बोलतो. वेग उतरतो, पण फाईल पोचते.

एसएसडी स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती ‘स्मार्ट’ तपासणी केली तर ती ठणठणीत. तिची कुणी माफी मागितली नाही, ती गोष्ट वेगळी.

भाच्याचं समाधान मात्र नाही. त्याला २०२३ चा पाय ५ हवा. त्यात पीसीआयई नावाची वेगवान वाट आहे, एनव्हीएमई जातीची एसएसडी तिला थेट जोडता येते, मधला दुभाषा गेला. खरं आहे. पण तिथं पट्टीसारखी एक चपटी केबल येते, ती किंचित तिरकी बसली तर ड्राइव्ह दिसतच नाही. शिवाय ती वाट अधिकृतपणे जेन २, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, वेगाची. एक ओळ लिहून जेन ३ करता येते, त्याची हमी मात्र कुणी देत नाही. आणि पाच अँपिअरचा ॲडॉप्टर घेतला नाही, तीनचाच लावला, तर पाय ५ आपल्या यूएसबीला एकूण ६०० मिलीअँपिअरवर आणून ठेवतो.

“मामा, जेन ३ केलं तर दुप्पट वेग की,” तो म्हणतो. टेपरेकॉर्डरमधून कॅसेट पाऊण तास वाजते, तेवढा वेळ ती वाजावीच लागते. अभंगाला घाई करायला सांगणारं जेन अजून निघालेलं नाही, हे त्याला पटवायचं काम काकांवर सोपवलंय.