काइटसर्फिंग: काइट हातात आल्याचे पहिले 9 तास

आज दुपारी साडेचारच्या सुमारास मी पहिल्यांदा बोर्डवर उभी राहून काइटच्या, म्हणजे कमरेला जोडलेल्या मोठ्या पतंगाच्या, ओढीने पाण्यावरून गेले. तीस-चाळीस मीटर असेन. डावा पाय पुढे, बार (काइट वळवायचा दांडा) जरा जास्तच जवळ ओढलेला, आणि शेवटी काइट मागे कलंडून पाण्यात पडली. मुक्काम रामेश्वरम, महिना ऑगस्ट, शिकवणीचा चौथा दिवस. पण ही नोंद त्या तीस-चाळीस मीटरपेक्षा शिकवणी कुठे आणि कशी निवडली याची आहे. गेल्या वर्षी मी ती निवड चुकवली होती आणि त्यात तीन दिवस व बरेच पैसे गेले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी उत्तर गोव्यात एका ठिकाणी तीन दिवसांचा कोर्स केला. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. रोज दोन तासांचा वर्ग, म्हणजे कागदोपत्री सहा तास. आम्ही चौघं आणि काइट एक. वाटणीला आला दीड तास, त्यातही वारा पडला तेव्हा काइट नुसती वाळूवर. शिकवणारे किनाऱ्यावरून हातवारे करायचे आणि मी फुटणाऱ्या लाटांत उभी राहून त्यांचा अर्थ लावायचे. वारा नसलेल्या वेळेचे पैसे परत नाहीत, हे पैसे भरल्यावर कळलं. परतताना वाटलं होतं, आपल्याला हे जमण्यासारखं नाही. आता कळतंय की मला शिकायला वेळच मिळाला नव्हता.

यात गोव्याच्या वाऱ्याचा दोष नाही, तो कसा चालतो हे मीच समजून घेतलं नव्हतं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो, तेच हे. दुपारपर्यंत जमीन तापते, वरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. म्हणून मोरजीसारख्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे काइटसाठीचा वारा जेवणानंतर सुरू होतो आणि सूर्य कलला की मंदावतो. शिकायला दिवसाकाठी तीन-चार तास मिळतात, आणि वारा सौम्य असेल तर काइट मोठी लागते. मोठी काइट संथ वळते, पाण्यात पडली की उठवायला जड जाते. ज्याला बोर्डवर उभं राहता येतं त्याला तिथे मजा आहे. मला पहिल्या धड्याला लाटा नको होत्या.

रामेश्वरम मी वाऱ्यासाठी निवडलं. नैऋत्य मोसमी वारे आपल्याकडे पाऊस घेऊन येतात, गोव्याचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो. तेच वारे सह्याद्री ओलांडून तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचतात तोवर पाऊस बराचसा मागे राहिलेला असतो, वारा मात्र असतो. मे ते सप्टेंबर तो दिवसचे दिवस वाहतो. डिसेंबर ते मार्च पुन्हा ईशान्येचा वारा असतो. बेट चिंचोळं आहे, एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. वाऱ्याची दिशा बघून बाजू बदलता येते. आम्ही शिकतो तिथे वाळूच्या पट्ट्यामागे पाणी सपाट आहे आणि बऱ्याच अंतरापर्यंत कमरेइतकंच. नवख्याला याचं मोल फार. पडलात की पाय टेकतात, श्वास घेता येतो आणि लगेच पुन्हा सुरुवात करता येते.

जायच्या आधी महिनाभर मी रोज सकाळ-संध्याकाळ विंडगुरू या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या साइटवर तिथला वारा बघून वहीत लिहिला. सरासरीपेक्षा झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या झटक्याचा, आकडा महत्त्वाचा. 16 नॉट वारा आणि 19 नॉट झोत असेल तर चांगलं. 14 वारा आणि 25 झोत असेल तर मी तरी त्या दिवशी शिकणार नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 10 नॉटचे 20 झाले की ओढ चौपट. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की आकड्यांशी ओळख होते.

मग फोन केले. पहिला प्रश्न दराचा विचारलाच नाही. विचारलं, दहा तासांतले किती तास काइट माझ्या हातात असेल? दोघांत एक काइट म्हणजे पाच, चौघांत एक म्हणजे अडीच. दराला या आकड्याने भागलं तेव्हा स्वस्त वाटणारे दोन कोर्स सगळ्यांत महाग निघाले. पुढे विचारलं, शिकवणारे पाण्यात माझ्याजवळ असतात की किनाऱ्यावर? हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? वाहून गेले तर आणायला बोट तयार असते का? वारा नसेल तर तास पुढे ढकलता की बुडाले? लहान-मोठ्या किती काइट आहेत? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण 55 किलोच्या मुलीला आणि 90 किलोच्या माणसाला एकच 12 मीटरची (म्हणजे 12 चौरस मीटर कापडाची) काइट देणाऱ्याकडे मी जाणार नाही. मी 68 किलोची, 18 नॉटला मला 9 मीटरची मिळते.

आयकेओच्या प्रमाणपत्राचंही विचारलं. ही काइटबोर्डिंगची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: डिस्कव्हरी, इंटरमीडिएट, इंडिपेंडंट. कार्डावर तुमची पायरी नोंदलेली असली की दुसऱ्या गावी सामान भाड्याने घेताना बोलणं सोपं होतं. पण कार्ड असलेला प्रत्येक शिक्षक चांगलाच असतो असं मी धरून चालत नाही. फोनवर तो माझं वजन, पोहणं आणि भीती यांबद्दल विचारतो का, हे मी जास्त बघितलं. ज्याने तिन्ही विचारलं त्याच्याकडे आले.

आता प्रत्यक्ष शिकण्याचं. पहिला दिवस वाळूवर, 3 मीटरच्या छोट्या काइटसोबत. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, समोर अर्धा घुमट आहे असं समजायचं. डोक्यावर 12, डावीकडे जमिनीलगत 9, उजवीकडे 3. घुमटाच्या या कडेला काइट शांत असते. घुमटाच्या मधोमध, वारा जातो त्या दिशेला आली की ओढते.

माझं माहेर येवल्याचं. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं. भाऊ पतंग उडवायचा आणि आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, माझ्याकडे. तो "ढील" म्हणाला की बोटं आपोआप सैल व्हायची. मला वाटलं होतं हे इथे कामाला येईल. छोट्या काइटला आलंही. दुसऱ्या दिवशी कमरेला हार्नेस, म्हणजे हुक असलेला पट्टा, बांधून 9 मीटरची काइट लावली, झोत आला, मी दोन पावलं ओढली गेले आणि बार छातीशी घट्ट धरला. बार जवळ घेतला की ओढ वाढते, लांब सोडला की कमी होते. म्हणजे इथेही ढीलच द्यायची असते. पण आसारी हातात होती तेव्हा पतंग मला ओढत नव्हता. इथे कमरेला ओढ लागली की हात आवळतात. माझा शिक्षक इथल्याच कोळी घरातला, वयाने माझ्याहून बराच लहान. तो शांतपणे मागून म्हणायचा, "लेट गो, अक्का." दिवसभरात पन्नासेक वेळा म्हणाला असेल.

त्यानंतरचा पाऊण तास या शिकवणीतला सर्वांत मोलाचा होता. काइट डोक्यावर, मी गुडघाभर पाण्यात, डोळे मिटलेले. तो म्हणाला की बारच्या खालचं लाल क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सोडायची कळ, चाचपायचं आणि पुढे ढकलायचं. खट्ट आवाज होतो, चिकन लूप (काइट हार्नेसला जोडणारा फास) हार्नेसच्या हुकातून सुटतो, बार सरसर दूर जातो आणि काइट एकाच दोरीवर फडफडत पाण्यात पडते. ओढ संपलेली. डोळे उघडायचे, दोरी धरत बारपाशी जायचं, ओल्या हातांनी लूप पुन्हा जोडायचा. असं दहा वेळा केलं. पहिल्या वेळी लाल भाग सापडायला चार-पाच सेकंद लागले, नंतर हात आपणहून तिथे जायला लागला. गोव्यात हे मला एकदा तोंडी सांगितलं होतं. जिथे हे करून घेत नाहीत तिथे पैसे भरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा दिवस बॉडी ड्रॅगचा. बोर्ड नाही, काइट तुम्हाला पाण्यातून ओढत नेते. एका हाताने बार, दुसरा हात सुकाणूसारखा पाण्यात ताठ, आणि नागमोडी जात वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, पोचायचं. बोर्ड पायातून निसटला की तो असाच परत आणायचा असतो, म्हणून हे आल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मला अडीच तास लागले. खारट पाणी खूप प्यायले. पण काइट पाण्यात पडल्यावर बाहेरची एक दोरी ओढून तिला घुमटाच्या कडेला नेऊन पुन्हा उठवणं त्याच दिवशी जमलं, आणि तेव्हापासून ती पडण्याची धास्ती गेली.

आज वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उठणं. काइट 12 वरून 11 ला नेऊन मग जोराने 1-2 कडे झोकायची, की ती तुम्हाला पाण्यातून उचलते. अठरा-वीस प्रयत्न उजवीकडे, एकही नाही. बाजू बदलून डावीकडचा तिसरा लागला. चूक एकच: उठताना बार ओढते, काइट मागे कलंडते. उद्या शेवटचे दोन तास आहेत. अंदाजात झोत 20 च्या आत दिसतोय, शिक्षकाने सकाळी 7 ला बोलावलंय. बार दोनच बोटांनी धरून उठायचं असं ठरलंय. वाऱ्याच्या वर परतणं अजून यायचंय. त्यासाठी जानेवारीत पुन्हा सहा दिवस इथेच, ईशान्येच्या वाऱ्यात.