साडेबारा नॅनोसेकंद

माझ्या पीएचडीतला सगळ्यात देखणा ग्राफ चुकीचा निघाला. आधी एक टेकडी, मग तेवढीच खोल दरी, एकही बिंदू इकडेतिकडे नाही. फोटो काढून तो मी घरच्या ग्रुपवरसुद्धा टाकला होता. आईने नमस्काराचे हात पाठवले, बाबांनी फोनच केला, "म्हंजे आता संपलं न्हवं?" ही २०१७ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. संपायला अजून साडेतीन वर्षं होती.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, ऊस आणि पूर दोन्ही भरपूर. एमएस्सी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात केली. तिथे लेसर म्हणजे हेलियम-निऑनची लाल नळी, आणि तिच्यावर केसाची जाडी मोजायचं प्रॅक्टिकल. मुंबईला पीएचडीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: १०० फेम्टोसेकंदांत प्रकाश किती जातो? सेकंदाचे दहा लाख भाग करायचे, त्यातल्या एका भागाचे पुन्हा अब्ज, तो एक फेम्टोसेकंद. गणित सोपं होतं, ३० मायक्रॉन आलं. "म्हणजे केसापेक्षा कमी," असं मी वर जोडलं आणि समोरचे हसले. केसाच्या प्रॅक्टिकलनेच मला घेतलं असावं, असं मला अजून वाटतं.

२०१५ च्या पावसाळ्यात रुजू झाले. पहिलं काम, डीह्युमिडिफायरची बादली दिवसातून तीनदा रिकामी करणं. दुसरं, हातातली कडी आणि घड्याळ काढून खोक्यात ठेवणं. आमच्या लेसरचा किरण ८०० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो, पण तेवढा मंद तो नसतो. धातूवरून उडून तो डोळ्यात गेला तर पडद्यावर कायमचा डाग. संक्रांतीला हळदीकुंकवाहून हिरव्या बांगड्या घालून परस्पर लॅबमध्ये आले होते, तेव्हा सरांनी दारातच थांबवलं. "अगं, आधी त्या उतरव, मग आत ये."

आमचा ऑसिलेटर, म्हणजे मूळ लेसर, आपणहून पल्स, म्हणजे प्रकाशाचे अगदी छोटे ठोके, देत नसे. टायटेनियम-सफायरचा बोटाच्या पेराएवढा क्रिस्टल, त्याच्यावर हिरवा पंप लेसर, दोन्ही बाजूंना आरसे. एवढ्यावर निघतो तो साधा अखंड किरण. पल्स हवी असेल तर आतल्या प्रकाशात कुठेतरी एक उंचवटा निर्माण व्हावा लागतो. तो जोरदार असल्यामुळे क्रिस्टलमध्ये स्वतःच स्वतःला भिंगासारखा एकवटतो आणि बाकीच्या मंद प्रकाशावर मात करतो. १९९१ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात हे पहिल्यांदा दाखवलं गेलं. तो पहिला उंचवटा आणायचा कसा? प्रिझमच्या स्टँडला टिचकी मारून. एवढा महागडा सरंजाम आणि सुरुवात टिचकीने. स्पेक्ट्रोमीटरवरची सुईसारखी रेघ झटकन फुगून टेकडी झाली की समजायचं, लागला. सीनियर दादाला एका टिचकीत जमायचं. मला पहिल्या दिवशी पावणेदोन तास लागले, तेही शेवटी कोणीतरी दार आपटलं म्हणून.

पल्स किती लांबीची आहे हे मोजणं त्याहून मजेशीर. इतकं वेगवान घड्याळ इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही, म्हणून पल्स पल्सनेच मोजायची. तिचे दोन भाग करायचे, एकाला सरकत्या आरशावरून थोडं लांबून आणायचं आणि दोन्ही बीबीओ नावाच्या क्रिस्टलमध्ये भेटवायचे. भेट एकाच वेळी झाली तरच मध्ये निळा ठिपका उमटतो, ८०० चा निम्मा, ४०० नॅनोमीटरचा. आरसा १५ मायक्रॉन सरकला की १०० फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. निळा ठिपका मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादाने १९६१ ची गोष्ट सांगितली. मिशिगनमध्ये फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरच्या लाल प्रकाशातून क्वार्ट्झमध्ये असाच दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला. त्यांच्या शोधनिबंधातल्या चित्रात त्या ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण आहे, ठिपका मात्र नाही. छपाईत कोणीतरी तो डाग समजून पुसला म्हणतात. "खरं सिग्नल असंच डागासारखं असतं," दादा म्हणाला. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

मधे एक प्रकार घडला तो सांगून टाकते. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये पल्स आधी ताणतात, मग तिची ऊर्जा वाढवतात आणि शेवटी पुन्हा दाबतात, नाहीतर तिच्या जोराने क्रिस्टलच जळेल. दाबायचं काम सोन्याचा मुलामा दिलेल्या, बारीक रेघांच्या ग्रेटिंगवर होतं. त्या ग्रेटिंगला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, तिच्यासमोर नीट बोलायचंसुद्धा नाही. बारीक स्क्रू फिरवताना ॲलन की घसरत होती म्हणून मी एका हाताचा ग्लोव्ह काढला. पुढचं सांगायला नको. अंगठ्याचा ठसा, आधार कार्डावर शोभेल असा स्वच्छ. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "किरण चार मिलिमीटर वर घे." किंमत विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तो ग्राफ. माझं काम एका रंगद्रव्याच्या द्रावणाचं होतं. प्रखर प्रकाशात त्याचा अपवर्तनांक किती बदलतो ते मोजायचं. पद्धत झेड-स्कॅन, १९८९ पासून जगभर वापरतात आणि मांडणी इतकी सोपी की कॉलेजातही जमेल. भिंगाने किरण एकवटायचा, एक मिलिमीटरच्या क्युवेटमधला, म्हणजे चपट्या काचेच्या कुपीतला, नमुना फोकसच्या अलीकडून पलीकडे सरकवत न्यायचा आणि दूरवर एका बारीक छिद्रातून किती प्रकाश येतो ते टिपत राहायचं. आधी दरी मग टेकडी आली तर अपवर्तनांक वाढतोय, नमुना प्रकाशाला एकवटतोय. आधी टेकडी मग दरी आली तर उलट, पसरवतोय. मला टेकडी आधी मिळाली, आणि आकडा छापील मूल्यांच्या हजारपट. ग्रुप मीटिंगमध्ये दादाने विचारलं, "चॉपर लावून बघितलंस का? गरम होत असेल." चॉपर म्हणजे किरण अधूनमधून अडवणारी फिरती चकती. मी ठसक्यात म्हटलं, शंभर फेम्टोसेकंदांत काय गरम होणार?

हे वाक्य मला पुढे वर्षभर टोचत राहिलं. कारण एकट्या पल्सपुरतं ते बरोबर होतं. पण आमचा ऑसिलेटर सेकंदाला आठ कोटी पल्स देतो, म्हणजे एकीनंतर साडेबारा नॅनोसेकंदांनी दुसरी हजर. रंगद्रव्य थोडा प्रकाश शोषतं, त्याची उष्णता होते. पंचवीस मायक्रॉनच्या ठिपक्यातून द्रवात ती उष्णता पसरून जायला दीडेक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात मागून एक लाखाच्या वर पल्स येऊन गेलेल्या असतात. द्रव मधोमध तापतो, विरळ होतो, त्याचा अपवर्तनांक घटतो आणि तो प्रकाशाला पसरवतो. झाली आधी टेकडी, मग दरी. मी मोजत होते ते चहा तापताना दिसतं तसलं काहीतरी.

हे मला रेफ्रीच्या, म्हणजे छापायला पाठवलेला माझा निबंध तपासणाऱ्याच्या, चार ओळींतून कळलं, २०१८ च्या सप्टेंबरात. त्याने फक्त पल्सचा दर विचारला होता आणि उष्णतेचा परिणाम कसा वगळला, ते विचारलं होतं. निबंध परत. दोन दिवस हॉस्टेलच्या खोलीत झोपून काढले. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या काकांकडून एक जुना शटर मागून आणला. शटर उघडल्या क्षणापासून सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहायचा, एवढाच प्रयोग. मला हवा होता तो, इलेक्ट्रॉनांमुळे होणारा बदल तत्क्षणी दिसायला हवा, सरळ पायरी. माझ्यासमोर पायरी नव्हतीच. दोन-तीन मिलिसेकंदांत अलगद खाली उतरणारी वळणदार रेघ होती, रस्त्यावरच्या घसरणीसारखी. एका दुपारचं काम, आणि ते मी अकरा महिने केलं नव्हतं.

२ ऑक्टोबरला सुट्टी असूनही आम्ही लॅबमध्येच होतो, तेव्हा नोबेलची बातमी आली. पल्स ताणून, वाढवून, दाबण्याच्या त्याच युक्तीसाठी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू. १९८५ चा तो निबंध रोचेस्टरमध्ये स्ट्रिकलंडने लिहिला तेव्हा ती पीएचडीची विद्यार्थिनी होती. भौतिकशास्त्रातली ती तिसरी स्त्री. दुसरी मारिया गेपर्ट मायर, जिने १९३१ च्या प्रबंधात एका वेळी दोन फोटॉन शोषले जातील असं भाकीत केलं होतं, लेसर जन्मायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. सगळे पेढे आणायला धावले. मला आनंद झाला आणि रडूही आलं, कारण माझ्या खात्यावर तोवर एक अंगठ्याचा ठसा आणि एक तापलेली क्युवेट होती.

मग सगळं नव्याने. ॲम्प्लिफायरमधून पल्सचा दर सेकंदाला दहावर आणला, दोन पल्समध्ये द्रव निवांत थंड व्हावा म्हणून. मोजमाप पारखायला कार्बन डायसल्फाइड वापरलं. त्याचं मूल्य सगळ्यांना ठाऊक असतं आणि वास सडक्या कोबीचा. बाटलीचं बूच नीट नसलं की मजलाभर बोंब. या वेळी आधी दरी आली, मग टेकडी. खूण उलटली, आकडा हजारपट खाली गेला. आणि नुसता द्रावक भरून मोजलं तर जवळपास तोच आकडा. म्हणजे माझं रंगद्रव्य फारसं काही करतच नव्हतं. तीन वर्षांच्या नमुन्याबद्दल हे कळणं काही फार बरं नसतं.

सरांनी मात्र त्यावरच एक प्रकरण लिहायला लावलं: शटर वापरून उष्णता आणि इलेक्ट्रॉन वेगळे कसे ओळखावेत. मला ते पराभवाचं वर्णन वाटत होतं. पुढे प्रबंधातलं तेच प्रकरण सगळ्यात जास्त लोकांनी मागितलं, बहुतेक अशाच देखण्या ग्राफवाल्यांनी. बाकीची दोन प्रकरणं पंप-प्रोबची, म्हणजे एका पल्सने नमुना जागवून दुसरीने तपासण्याची, ती सुरळीत झाली, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॅब बंद झाली. ऑसिलेटर कित्येक महिने अंधारात पडून राहिला, मी गावी बसून प्रबंध लिहिला. व्हायव्हा २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन झाली, माजघरात, मागे गोधडीचा पडदा लावून. इन्व्हर्टरचा भरवसा नव्हता म्हणून बाबा ट्रॅक्टरची बॅटरी काढून तयार बसले होते. परीक्षकांनी पहिला प्रश्न पल्सच्या दराबद्दलच विचारला. बाहेरून आई म्हणाली, "आवाज बारीक कर, शेजारी ऐकत्यात."

पावसाळ्यात सामान आवरायला मुंबईला गेले. माझ्या जागी आलेली मुलगी पहिल्यांदाच कॉम्प्रेसर, म्हणजे पल्स दाबायचा भाग, उघडत होती. मी तिला दोन्ही ग्लोव्ह घालायला लावले, किरण नेहमीपेक्षा चार मिलिमीटर वर ठेवायचा म्हणून सांगितलं आणि टॉर्च तिरपा धरून ग्रेटिंग दाखवली.

"हा कोणाचा ठसा?" तिने विचारलं.

"जुना आहे," मी म्हटलं.