गार बॉनेट

शनिवार, रात्री

आज फियाटची पुंटो घरी आली. तीन महिने झाले शोधतेय, नऊ गाड्या बघून झाल्या. सेकंड हँडच घ्यायची आणि ग्रांदे पुंटोच घ्यायची, हे पक्कं होतं. 2005 मध्ये ती आली तेव्हापासून तिचा तो पुढचा चेहरा मनात बसलाय. इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो जुजारोंच्या इटालडिझाइन कंपनीने फियाटच्या लोकांबरोबर घडवलेला. 1974 ची पहिली फोक्सवॅगन गोल्फही जुजारोंचीच. लहान गाडीलाही देखणेपण लागतं, हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल.

माझी 1.2 लिटर पेट्रोलची आहे. येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं मालकांना फोनवर सांगून ठेवलं होतं. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार! याआधी दोन ठिकाणी बॉनेट कोमट लागलं आणि मी तिथूनच परत फिरले. सुरू व्हायला लागणारा वेळ, पहिला निळसर धूर, सुरुवातीची खडखड, तापलेल्या इंजिनात हे सगळं झाकलं जातं. हिने अर्ध्या चावीत आवाज दिला. धूर नाही.

टायरची नक्षी चांगली खोल होती. पण बाजूच्या लंबगोलात 2211 आकडे होते, म्हणजे 2011 चा बाविसावा आठवडा. कडेला केसासारखे तडे. मालक म्हणाले, “अहो ताई, नक्षी तर बघा ना.” मग स्वतःच वाकून पाहिलं, क्षणभर गप्प झाले आणि टायरचे पैसे किमतीतून वळते केले. भला माणूस.

अडलं ते इंजिनातल्या टायमिंग बेल्टपाशी. सर्व्हिस बुकात बरेच शिक्के आहेत, बेल्टचा उल्लेख कुठेच नाही. “बदललाय की,” म्हणाले, पण कधी, किती किलोमीटरला, ते आठवेना. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरून मी किंमत सांगितली. त्यांनी मान्य केली.

बुधवार

आज बेल्ट बदलला. मेकॅनिककाका म्हणाले, “रनिंग फार नाही, पण रबराला वर्षंही मोजावी लागतात.” कव्हर काढून त्यांनी जुना बेल्ट माझ्या हातात दिला. पाठ काचेसारखी गुळगुळीत झालेली. बोटांत धरून उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी एकेक चीर उघडत गेली. एवढ्याशा पट्ट्यावर पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ चालतो. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह असतील तिथे थांबतात, आणि कितीतरी इंजिनांत वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. शनिवारपासून याच बेल्टवर मी हायवेला जाऊन आले होते. अंगावर काटा आला.

वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही नवा घातला, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. जुना टेन्शनर हाताने फिरवला तर आत वाळू असल्यासारखा करकरला. काका काम करता करता या इंजिनाचं कौतुक करत होते. फियाटचं फायर इंजिन, 1985 मध्ये ऑटोबियांकी वाय10 या गाडीत पहिल्यांदा आलं. “हात घालायला जागा आहे यात,” ते दोनदा म्हणाले.

परत येताना अरुंद गल्लीत गाडी लावायला ‘सिटी’चं बटण दाबलं. स्टिअरिंग एका बोटाने फिरायला लागलं! त्या बटणाचं मला इतकं सुख वाटलं की गाडी लावून झाल्यावरही दोनदा उगाच फिरवून पाहिलं.

मागच्या काचेवर कोणा लहान मुलाने चिकटवलेला चंद्र आहे. तो राहू देणार आहे.

आत्ता सर्व्हिस बुक उघडून तारीख, किलोमीटर, बेल्ट, पंप, टेन्शनर, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि बिल शेजारी चिकटवलं. टायर शुक्रवारी.