राखेचा बुधवार आणि देहदमन

आज राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून बाहेर पडताना एका वयोवृद्ध सिस्टरांशी बोलणे झाले. त्या जोगीण होण्यासाठी नव्याने दाखल झाल्या त्या उमेदवारीच्या काळात मठात दर शुक्रवारी दिवे मालवून गाठीच्या दोरीने स्वतःच्या पाठीवर फटके मारले जात, आणि घरच्या आठवणीने रडू आले तर तोही मनोनिग्रहातील उणेपणा ठरे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या जागतिक सभेने, मठवासीयांच्या व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश काढला आणि हळूहळू अशा प्रथा बहुतेक ठिकाणी ओसरल्या.

मला लिझ्यूच्या संत तेरेजाची, एकोणिसाव्या शतकातील या फ्रेंच जोगिणीची, वाट अधिक अवघड वाटते. टोचणारा लोखंडी क्रूस अंगावर बाळगून आजारी पडल्यावर, अशी कठोर तपे आपल्यासाठी नाहीत, हे तिने ओळखले. मात्र कपडे धुताना समोरची भगिनी तोंडावर मळके पाणी उडवत असे, तेव्हा मागे न सरता ती ते मुकाट्याने सोसत राहिली. फटक्यांचा निदान मनातल्या मनात अभिमान तरी बाळगता येतो!

पण राग असा गिळत राहणे हेही देहदमनच नव्हे काय, असे मी विचारले. सिस्टर म्हणाल्या, “आता आमच्या नव्या मुलींसाठी समुपदेशक येतात, बाळा. राग आला तर बोलून दाखवा, असे सांगतात. आम्हा म्हाताऱ्यांना ते अजून जमत नाही.”